डब्यातून निघालेलं ‘डिझेल’

फुलंब्री तालुक्यातल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाहिलेला हा प्रयोग. झाकणबंद पत्र्याचा डबा, आत पऱ्हाटीचे तुकडे, खाली स्टोव्ह. झाकणातून निघालेली नळी गार पाण्यात ठेवलेल्या बाटलीत सोडलेली. अर्ध्या तासात बाटलीच्या तळाशी तपकिरी द्रव जमला. मुलीनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, “अशा प्रकारे टाकाऊ पऱ्हाटीपासून आम्ही डिझेल तयार केले आहे.” तक्त्यावरही तेच लिहिलेलं. मॉडेलला पहिला क्रमांक मिळाला.

प्रयोग चांगलाच होता. वाईट होता तो तक्ता. हवा न देता लाकूड तापवलं की ते जळत नाही, तुटतं. सेल्युलोज आणि लिग्निनचे मोठाले रेणू फुटतात. काही भाग कोळसा म्हणून मागे राहतो, काही वाफ होऊन पुढे द्रव बनतो, उरलेला वायू निसटतो. आपण याला भंजक ऊर्ध्वपातन म्हणून शिकलो, आता पायरॉलिसिस म्हणतात. मिथेनॉलचं ‘वुड स्पिरिट’ हे जुनं नाव इथूनच आलं. हे सगळं त्या डब्यात घडत होतं, पण उत्तर आधीच तक्त्यावर असल्यानं त्याकडे कुणी पाहत नव्हतं.

मी निळा लिटमस मागितला. तो लाल झाला. बाटलीत ॲसिटिक आम्ल होतं, आणि पाणी तर भरपूर. कापसाच्या बोळ्यावर तो द्रव घेऊन काडी लावली. चर्र झालं, पेटलं नाही. मुलीचा चेहरा उतरला. पण पुढचा प्रश्न तिनंच विचारला, “सर, मग नळीतून येणारा धूर पेटेल का?” प्रदर्शनातला सर्वांत चांगला प्रश्न तोच. तो धूर पेटतो.

लाकडापासून खरोखर जास्त द्रव हवा असेल तर खटाटोप वेगळा. भुसा दोन-तीन मिलिमीटरपर्यंत बारीक, ओलावा दहा टक्क्यांच्या आत, तापमान सुमारे ५०० अंश सेल्सिअस, आणि वाफ दोनएक सेकंदांत थंड करायची. असं केलं तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव मिळतो. पण तेही डिझेल नव्हे. त्यात ३५ ते ४० टक्के ऑक्सिजन असतो. एका किलोतून १६ ते १९ मेगाज्यूल उष्णता मिळते, म्हणजे साधारण कोरड्या लाकडाइतकीच. डिझेलमधून सुमारे ४३. तो डिझेलात मिसळत नाही, लोखंडाला खातो, ठेवला तर घट्ट होत जातो. फिनलंडमध्ये योएन्सू इथं २०१३ साली असा मोठा कारखाना सुरू झाला, तेव्हाही त्याचं तेल बॉयलरमध्ये जाळण्यासाठी होतं. इंजिनासाठी त्यातला ऑक्सिजन हायड्रोजन वापरून, मोठ्या दाबाखाली काढावा लागतो. हा खर्च तक्त्यावर कुठेच नसतो.

याउलट डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातल्या ‘आरती’ संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा करताना द्रवाचा नाद सोडला. निघणारा वायू भट्टीखालीच जाळला, पाचट त्याच आचेवर भाजलं आणि कोळशाच्या कांड्या केल्या. या कामाला २००२ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. माझ्या मते त्यांची खरी हुशारी कच्चा माल निवडण्यात होती: पाचट शेतातच पेटवून दिलं जायचं, त्यावर कुणाची चूल अवलंबून नव्हती.

पऱ्हाटीचं तसं नाही. ‘टाकाऊ’ हा शब्द ज्यानं तक्त्यावर लिहिला, त्यानं गावातल्या घरांमागे रचलेले पऱ्हाटीचे ढीग पाहिले नसावेत. अर्थात गुलाबी बोंडअळीच्या भीतीनं ती लवकर उपटून नष्ट करा, असा सल्ला कृषी खातं देतं; तेव्हा काही पऱ्हाटी खरोखर मोकळी होते. किती होते, हे त्याच मुलांना गावात मोजता आलं असतं.

प्रयोग पुन्हा करायचा तर डबा आधी आणि नंतर वजन करून करा, कोळसा आणि द्रव वेगवेगळे तोला, आणि घटलेलं वजन वायूच्या खात्यात मांडा. नळी रुंद घ्या. डांबरानं ती तुंबली तर डबा फुटतो. आणि उघड्यावर करा, कारण त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्या दिवशी हा प्रयोग खिडक्या लावलेल्या वर्गात चालला होता.