गाडगीळ की कस्तुरीरंगन? प्रश्नच जरा तपासून बघू

पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीत 'भूगोलातला एखादा समकालीन प्रश्न सांगा' म्हटलं की महाराष्ट्रातले बरेच जण पश्चिम घाट सांगतात. मीही तोच सांगितला होता. 'गाडगीळ समिती पर्यावरणवादी, कस्तुरीरंगन समिती विकासवादी, आणि स्थानिकांचा दोघांनाही विरोध' हे माझं वाक्य. समोरच्या प्राध्यापकांनी एवढंच विचारलं, "दोन्ही अहवाल वाचलेत का?" मी वाचले होते फक्त बातम्या. नंतर अहवाल वाचायला बसलो तेव्हा त्या वाक्यातला एकही भाग नीट टिकला नाही. का टिकला नाही, ते आज बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. त्यात संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले होते. मग के. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ मध्ये घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर, संवेदनशील ठरवला. त्यावर २०१४ पासून केंद्राच्या मसुदा अधिसूचना निघत आहेत. सहावी ३१ जुलै २०२४ ला निघाली, वायनाडच्या दरडीनंतर दुसऱ्याच दिवशी.

आता पहिला मुद्दा, एककाचा. गाडगीळ समितीने नकाशावर साधारण ९ किमी बाय ९ किमीचे चौकोन आखले, त्यांना गुण दिले आणि निष्कर्ष तालुक्यावर बसवला. एका तालुक्यात कडा असतो, भातखाचरं असतात, बाजारपेठही असते. सगळ्यांना एकच स्तर दिला तर बाजारपेठेतला माणूस चिडणारच. समितीला हे ठाऊक होतं. म्हणून अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात असं तिने सुचवलं. पण लोकांपर्यंत पोचली ती तालुक्यांची यादी.

कस्तुरीरंगन गटाने उपग्रहचित्रं घेतली, 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' भूदृश्य वेगळं केलं आणि गाव हे एकक धरलं. वाचताना वाटतं, हे जास्त काटेकोर आहे. पण नियम बघा: गावाच्या क्षेत्रापैकी २० टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील असेल तर अख्खं गाव यादीत. म्हणजे २१ टक्केवालं गाव आत आणि १९ टक्केवालं शेजारचं गाव बाहेर, मग दोघांच्या मधून एकच ओढा का वाहत असेना. मोजणी बारीक झाली, तरी २० हा आकडा माणसांनीच निवडलेला आहे. भूगोलात याला मॉडिफायेबल एरियल युनिट प्रॉब्लेम म्हणतात. सोप्या भाषेत, एकक बदललं की उत्तर बदलतं. तुमच्या प्रबंधात तालुका, गाव किंवा वॉर्ड असं कुठलंही एकक असेल तर 'हेच का?' यावर एक परिच्छेद लिहाच.

दुसरा मुद्दा 'स्थानिकांचा'. केरळात इडुक्की भागात कस्तुरीरंगन अहवालाविरुद्ध मोठी आंदोलनं झाली, हे खरं. पण सिंधुदुर्गात सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या काही ग्रामसभांनी 'आम्हाला संवेदनशील क्षेत्रात घ्या' असे ठराव केले होते, कारण समोर खाणी दिसत होत्या. गाडगीळ समितीने त्यांची दखल घेतली. कस्तुरीरंगन गटाच्या यादीत दोडामार्ग तालुका आलाच नाही. पुढे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये या पट्ट्यातल्या २५ गावांबद्दल न्यायालयाला आदेश द्यावा लागला. माझ्या 'स्थानिकांचा विरोध' या दोन शब्दांत ही गावं कुठे होती? कुठेच नाही. बागायतदार, शेतमजूर, खाणीवरचा ट्रकवाला, जमीन विकून मुंबईला गेलेला भाऊ हे सगळे स्थानिकच, आणि त्यांचं म्हणणं एक नसतं. स्वतःच्या प्रबंधात 'स्थानिक' लिहिलंत की कंसात कोण ते लिहा. लिहिता येत नसेल तर फील्डवर्क अपुरं आहे असं समजा.

तिसरा मुद्दा आपल्या बाजूचा, म्हणून जास्त अवघड. वायनाडची दरड कोसळली आणि सगळीकडे 'गाडगीळ आधीच म्हणाले होते' सुरू झालं. दरड आली तो वैथिरी तालुका गाडगीळांच्या पहिल्या स्तरात होता, हे बरोबर. पण त्या स्तरात प्रचंड मोठा प्रदेश होता, आणि गुण देताना उतार, उंची यांच्याबरोबर जंगलाचं प्रमाण, प्रदेशनिष्ठ वनस्पती हेही निकष होते. तो दरडींचा अंदाज सांगणारा नकाशा नव्हता. दरड त्या स्तरात कोसळली एवढ्यावरून तो सिद्ध होत नाही. त्या स्तरात किती उतार शाबूत राहिले आणि स्तराबाहेर किती कोसळले, हेही मोजावं लागेल. मला गाडगीळ अहवालाची दिशा पटते, खाणी आणि डोंगरफोडीबद्दलची काळजी तर पूर्णच पटते. पण पटतं म्हणून पुराव्याला सवलत दिली, तर खाणवाल्याच्या अहवालाला आपण कुठल्या तोंडाने प्रश्न विचारणार?

मग दोघांत फरक काय? माझ्या वाचनात, गाडगीळ समिती विचारते की 'इथलं कसं वापरायचं हे कोणी ठरवायचं?' कस्तुरीरंगन गट विचारतो की 'कुठली जागा राखायची?' प्रश्नच वेगळे असल्यामुळे ६४ टक्के विरुद्ध ३७ टक्के अशी नुसती तुलना करून काही हाती लागत नाही. शिवाय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यादीत मावतं, पहिल्याचं मावत नाही. सरकारला यादी सोयीची वाटते, यात नवल नाही. तरी ती यादीसुद्धा दहा वर्षांत मसुद्यापलीकडे गेली नाही, हे विसरू नका.

एक काम देतो. आपल्या जिल्ह्यातलं घाटालगतचं एक गाव घ्या. मसुद्याच्या यादीत ते आहे का बघा, मग जाऊन तीन वेगळ्या माणसांना विचारा की यादीत असल्याने किंवा नसल्याने तुमचं काय बदलेल. तिघांची उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका. तुमचा संशोधन-प्रश्न बहुतेक तिथेच सापडेल.