‘उन्गेत्सीफर’ ते ‘कॉकरोच’ : काफ्काच्या कथेतील कीटकवाचक शब्द आणि इंग्रजी भाषांतरे

प्रस्तावना :

फ्रान्झ काफ्का (१८८३-१९२४) याची ‘डी फेरवांडलुंग’ ही दीर्घकथा १९१५ साली प्रसिद्ध झाली. ‘मेटामॉर्फोसिस’ या इंग्रजी नावाने ती आपल्याकडील अध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. ग्रेगोर साम्सा हा फिरता विक्रेता एके सकाळी जागा होतो, तेव्हा त्याचा किडा झालेला असतो, एवढे कथासूत्र सर्वश्रुत आहे. परंतु हा किडा नेमका कोणता, असे विचारले असता कोणी ‘झुरळ’ म्हणतो, कोणी ‘भुंगेरा’, तर कोणी नुसतेच ‘कीटक’. हे मतभेद बहुधा हाती असलेल्या इंग्रजी पुस्तकातून आलेले असतात. मूळ जर्मन कथा वाचणारे आपल्यात थोडेच आहेत. त्यामुळे भाषांतरकाराचा शब्द हाच काफ्काचा शब्द मानून समीक्षा उभी राहते. सदर लेखात या इंग्रजी शब्दांचा अर्थभार तपासून त्यांनी कथेच्या आकलनावर कोणता परिणाम केला, याचा विचार केला आहे.

मूळ शब्दाचे स्वरूप :

काफ्काने पहिल्या वाक्यात ‘उन्गेत्सीफर’ हा शब्द योजला आहे. तो कोणत्याही एका प्राण्याचे नाव नाही. उंदीर, उवा, ढेकूण, झुरळे अशा नकोशा, उपद्रवी जीवांना एकत्रितपणे उद्देशून तो वापरला जातो. व्युत्पत्तीने त्याचा संबंध बळी देण्यास अयोग्य अशा अपवित्र प्राण्याशी जोडला जातो. म्हणजे हा शब्द जीवशास्त्रातील वर्ग सांगत नाही. माणसाने त्या जीवाविषयी दिलेला निवाडा सांगतो. झुरळासाठी ‘शाबे’ आणि भुंगेऱ्यासाठी ‘केफर’ हे शब्द जर्मनमध्ये उपलब्ध असताना निवेदकाने ते येथे टाळले आहेत. ‘मिस्टकेफर’ म्हणजे शेणकिडा हा शब्द कथेत येतो, पण तो मोलकरणीच्या तोंडी.

काफ्काच्या इतर लेखनातूनही या शब्दाचा रोख स्पष्ट होतो. १९१९ साली वडिलांना उद्देशून लिहिलेल्या, पण त्यांच्या हाती कधीच न पडलेल्या दीर्घ पत्रात त्याने एक जुनी सल नोंदविली आहे. यिडिश रंगभूमीवरील नट लोवी हा त्याचा मित्र. वडिलांनी त्याची ओळखदेखील नसताना त्याला ‘उन्गेत्सीफर’ची उपमा दिली होती. घरातील कर्त्या पुरुषाने माणसाला उद्देशून उच्चारलेला शब्द, हा या संज्ञेचा काफ्काच्या आयुष्यातील संदर्भ होय.

इंग्रजी शब्दांची घडण :

इंग्रजीतील संबंधित शब्द वरवर समानार्थी वाटले, तरी तसे नाहीत. ‘बीटल’ या शब्दाच्या मुळाशी ‘चावणे’ हा अर्थ आहे. शास्त्रीय दृष्ट्या, ज्यांच्या पुढच्या पंखांचे टणक कवच झालेले असते, असे हे कीटक. झुरळाचा गण निराळा आहे. त्याचे शरीर चपटे व स्पर्शिका लांब असतात. तथापि ब्रिटिश घरांतून पौर्वात्य झुरळालाच ‘ब्लॅक बीटल’ म्हणण्याचा प्रघात होता. ‘कॉकरोच’ हा स्पॅनिश ‘कुकाराचा’पासून आला. इंग्रजी कानांनी त्याला ‘कॉक’ म्हणजे कोंबडा आणि ‘रोच’ नावाचा मासा, अशा दोन ओळखीच्या शब्दांचे रूप दिले. वस्तुतः दोहोंचाही झुरळाशी संबंध नाही. ‘बग’ हा शास्त्रात ढेकणासारख्या, सोंडेने रस वा रक्त शोषणाऱ्या कीटकांचा वाचक, तर बोलीत कोणताही किडा. ‘व्हर्मिन’चे मूळ लॅटिनमधील ‘कृमी’ या अर्थाच्या शब्दात आहे. मात्र त्याच्या कक्षेत उंदरापासून कोल्ह्यापर्यंत कोणताही उपद्रवी जीव येतो. नाव एकाचे नाही आणि तिरस्कार सर्वांविषयी, या दोन्ही बाबतींत तो मूळ जर्मन शब्दाच्या सर्वाधिक जवळ आहे.

भाषांतरांचे मूल्यमापन :

विला व एडविन म्यूर या दांपत्याच्या बहुपठित भाषांतरात ‘इन्सेक्ट’ हा शब्द आहे. स्टॅन्ली कॉर्नगोल्ड यांनी १९७२ साली ‘व्हर्मिन’ स्वीकारला; मायकेल हॉफमन यांनी २००७ साली ‘कॉकरोच’ वापरला; तर सुझन बर्नोफ्स्की यांनी २०१४ साली ‘कुठलासा’ अशी संदिग्धता जोडून पुन्हा ‘इन्सेक्ट’ निवडला.

‘इन्सेक्ट’ला चूक म्हणता येत नाही. २५ ऑक्टोबर १९१५ रोजी प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात काफ्काने स्वतःच ‘इन्सेक्ट’ हा जर्मन शब्द वापरला असून, तो कीटक चित्रात दाखवू नये, दुरूनही नको, अशी विनंती केली आहे. तथापि इंग्रजीत हा शब्द प्रयोगशाळेतला आहे. त्यात किळस नाही; ती विशेषणाने पुरवावी लागते. शिवाय कीटक म्हटला की सहा पाय गृहीत धरले जातात. ग्रेगोरला मात्र पुष्कळ बारीक पाय आहेत आणि त्यांची संख्या कथेत सांगितलेली नाही.

‘कॉकरोच’मुळे किळस तत्काळ जागी होते, हा त्याचा गुण मान्य करावा लागेल. परंतु काफ्काने नाकारलेले चित्र तो शब्द काढून दाखवितो. नाबोकोव्ह हा कादंबरीकार फुलपाखरांचा अभ्यासक होता. झुरळ चपटे असते आणि ग्रेगोरची पाठ व पोट दोन्ही फुगीर आहेत, म्हणून हा भुंगेराच, असा युक्तिवाद त्याने आपल्या व्याख्यानांत केला. त्याचे निरीक्षण अचूक आहे. पण ‘कोणता किडा?’ हा प्रश्नच काफ्काने मोकळा ठेवला होता, याकडे त्यात दुर्लक्ष होते.

मराठी वाचकापुढेही हीच अडचण आहे. ‘भुंगा’ म्हणताच कमळ व मध यांची काव्यपरंपरा जागी होते. ‘झुरळ’ मोरीतून बाहेर येते. ‘किडामुंगी’ या जोडशब्दात जातीचा उल्लेख नाही व क्षुद्रता आहे, परंतु अपवित्रतेचा भाव नाही.

शब्द आणि निवाडा :

हा वाद केवळ शब्दकोशाचा नाही. शब्द जातिवाचक मानला, तर वाचक प्राणिशास्त्राचे प्रश्न विचारतो. निवाडा मानला, तर तो निवाडा देणारा कोण, हे विचारतो. कथेच्या अखेरीस बहीण या प्राण्याला भावाच्या नावाने हाक मारायचे नाकारते आणि त्याला घालविण्याची भाषा करते. रूपांतर सकाळीच झालेले असते. निवाडा येथे पूर्ण होतो. नाझी प्रचाराने ज्यूंना उपद्रवी जीवांच्याच पंक्तीत बसविले आणि काफ्काच्या तिन्ही बहिणी त्या संहारात बळी पडल्या. १९९४ साली रवांडात तुत्सींच्या कत्तलीपूर्वी व कत्तलीच्या काळात त्यांना ‘इन्येन्झी’, म्हणजे झुरळे, म्हटले जात होते. काफ्काने हे भाकीत केले होते, असा दावा येथे नाही. माणसाला माणसांतून वगळण्याची सुरुवात नावापासून होते, एवढे मात्र त्याच्या पहिल्या वाक्यातून शिकता येते.

निष्कर्ष :

१) ‘उन्गेत्सीफर’ला इंग्रजीत पूर्ण पर्याय नाही; उपलब्ध शब्दांत ‘व्हर्मिन’ अधिक निकटचा आहे.

२) ‘झुरळ’ वा ‘भुंगेरा’ या प्रतिमेवर आधारलेली समीक्षा ही मूलतः भाषांतराची समीक्षा होय.

३) वर्गात ही कथा शिकविताना निदान पहिले वाक्य दोन-तीन भाषांतरांतून शेजारी-शेजारी ठेवून वाचावे. त्यास फार तर एक तासिका लागेल. पण आपण काफ्का वाचतो आहोत की त्याचा भाषांतरकार, हे विद्यार्थ्याला कळण्यास ती पुरेशी आहे.