आतड्याचा क्षय की क्रोन्स? : डॉ. दीपक अमरापूरकर यांच्या एका शोधनिबंधाचे परीक्षण

लहान व मोठे आतडे जिथे जुळते तिथे व्रण होणे, आतडे अरुंद होणे, पोटात कळा येणे आणि वजन उतरणे ही लक्षणे आतड्याच्या क्षयरोगात दिसतात, तशीच ती क्रोन्स या आजारातही दिसतात. पहिला आजार जंतुसंसर्गाचा असून सहा महिन्यांच्या औषधांनी तो बहुधा बरा होतो. दुसऱ्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते व उपचार वर्षानुवर्षे चालतो. क्षयाच्या रुग्णास क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले तर क्षय बळावतो. उलट क्रोन्सच्या रुग्णास क्षयाची औषधे देत राहिल्यास योग्य उपचार लांबतो व आतडे आकसत जाते. म्हणून येथे निदानातील चूक रुग्णाला फार महाग पडते.

क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी १९३२ साली न्यूयॉर्कमधील १४ रुग्णांच्या आधारे या आजाराचे वर्णन केले, तेव्हाही तो क्षयाहून वेगळा आहे हे त्यांना दाखवावे लागले होते. पाश्चात्त्य देशांत पुढे क्षयच कमी झाला आणि हा पेच मागे पडला. भारतात तो कायम राहिला. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलमधील पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००८ साली ‘वर्ल्ड जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी’मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला. (२९ ऑगस्ट २०१७ च्या मुंबईतील अतिवृष्टीत उघड्या मॅनहोलमध्ये पडून डॉ. अमरापूरकर यांचा अंत झाला. वर्तमानपत्रांतून त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते या कारणाने, संशोधनामुळे नव्हे.)

अभ्यासात दोन्ही आजारांचे २६-२६ रुग्ण होते. ताप क्षयाच्या ६९.२ टक्के रुग्णांत होता, तर क्रोन्सच्या २३.१ टक्के रुग्णांत. जुलाबाचे प्रमाण याच्या उलट आढळले : क्रोन्समध्ये ६९.२, क्षयात ३४.६ टक्के. शौचावाटे रक्त जाण्याचे प्रमाण अनुक्रमे ३०.७ व ३.८ टक्के होते. लक्षणे सुरू होऊन किती काळ लोटला, यातला फरक सर्वांत ठळक आहे. क्रोन्समध्ये सरासरी पाच वर्षांच्या आसपास, क्षयात सुमारे सात महिने. दुर्बिणीतून दिसणाऱ्या व्रणांच्या आकारांचीही नोंद निबंधात आहे. तथापि लेखकांच्या मते ताप, रक्तस्राव, जुलाब व आजाराचा कालावधी या चार गोष्टी भेद करण्यास सर्वाधिक उपयोगी ठरल्या.

निबंधाचे खरे मोल येथे आहे. या चारही गोष्टी रुग्णास विचारून कळतात, यंत्र लागत नाही. पांढुर्ण्याजवळच्या तिगावसारख्या गावातील डॉक्टरलाही त्या विचारता येतात, व रुग्णास नागपूरला पाठवताना संशयाची दिशा चिठ्ठीत लिहिता येते.

मात्र टक्केवारीचे पुन्हा रुग्णांत रूपांतर केले म्हणजे पाया किती अरुंद आहे ते कळते. ३०.७ विरुद्ध ३.८ म्हणजे आठ रुग्ण विरुद्ध एक. क्षयाच्या २६ पैकी आठ जणांना ताप नव्हताच, आणि क्रोन्सच्या सहा जणांना होता. समूहाबद्दल खरे असलेले विधान समोरच्या एका रुग्णाबद्दल खरे ठरेलच असे नाही. शिवाय दोन्ही गट सारख्या संख्येचे आहेत, तसे ते समाजात नसतात. आणि ज्यांचे निदान पक्के झाले होते अशाच रुग्णांची तुलना झाली. अडचण तर निदान पक्के होत नाही त्यांचीच असते.

सर्वांत मोठी शंका कालावधीविषयी घ्यावी लागते. सात महिने हा आकडा मुंबईतील एका मोठ्या खासगी रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्यांचा आहे. लक्षणे सुरू झाल्यापासून तज्ज्ञाच्या दारात येईपर्यंतचा काळ रोगावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो अंतर, पैसा व मजुरी बुडण्याची भीती यांवरही असतो. खेड्यातील क्षयाचा रुग्ण दोन वर्षांनी तज्ज्ञाकडे आला, तर याच निकषाने त्याला क्रोन्सच्या बाजूला ढकलले जाईल. आणि चुकीचा स्टिरॉइड मिळण्याचा धोका त्यालाच अधिक. निबंधात या अंगाची चर्चा अधिक हवी होती.

दिल्लीच्या एम्समधून डॉ. गोविंद मखारिया व सहकाऱ्यांनी २०१० साली ५३-५३ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली आणि लक्षणे, दुर्बीण व ऊतकपरीक्षा यांची गुणांकात सांगड घातली. तरीही संशय उरल्यास क्षयाची औषधे देऊन पाहण्याची रीत भारतात आहे. तिच्यातही मेख आहे : क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांवर सुरुवातीला बरे वाटते. म्हणून केवळ भूक वाढली, वजन वाढले एवढ्यावर न थांबता व्रण भरले की नाही हे पुन्हा कोलोनोस्कोपी करून पाहावे लागते. तिगावच्या रुग्णासाठी याचा अर्थ नागपूरची आणखी एक फेरी, आणि नेमकी तीच बहुधा टळते.