हातभट्टी आणि ‘हस्तनिर्मिती’

दारूविषयी लिहायचे म्हटले की आपल्या चळवळीतील लेखणी दोनच वाटांनी जाते. एक प्रबोधनाची, दुसरी आक्रोशाची. दोन्ही वाटा खऱ्या आहेत आणि दोन्हींवर आपल्या माणसांची पावले उमटलेली आहेत. पण गोव्यात एका संध्याकाळी मी जे पाहिले आणि वाचले, त्याचा अर्थ लावायला या दोन्ही वाटा मला अपुऱ्या पडल्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

श्रम आणि साहित्य या विषयावरील चर्चासत्रासाठी पणजीला गेलो होतो. सत्र संपल्यावर तेथील एक प्राध्यापक मित्र म्हणाले, “सर, किनाऱ्याकडे बिअरची एक नवी छोटी भट्टी निघाली आहे. तिथेच करतात, तिथेच देतात. पीत नसाल तर पिऊ नका, बघायला तरी चला.” मी पीत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. माझ्या आजोबांनी ती घेतली, वडिलांच्या हातून ती मोडली, मी ती पाळतो. लिहिणारा कुठे उभा आहे हे वाचकाला आधीच ठाऊक असलेले बरे.

उत्तर गोव्याच्या पर्यटकी रस्त्यावरची ती जागा. काचेच्या भिंतीपलीकडे चकचकीत टाक्या आणि काचेच्या अलीकडे बसलेली माणसे. भिंतीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर रंगवलेला. त्याचा मथितार्थ असा की, येथे यंत्राचा बाजारू माल मिळत नाही. येथे माणसाचे हात काम करतात. थोडे थोडे, सावकाश, परंपरेने. खाली भट्टीच्या मुख्य कारागिराचे छायाचित्र आणि नाव. बाजूला बव्हेरियातील १५१६ सालच्या कायद्याचा उल्लेख. बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढेच असावे, असे त्या कायद्याने ठरवले होते. एका ग्लासाची किंमत ऐकली तेव्हा मला माझे तासिका तत्त्वावरचे दिवस आठवले. एक तास शिकवल्याचे मला तेवढेच मिळत असे.

मी साहित्याचा शिक्षक आहे. समोर मजकूर आला की तो वाचणे हा माझा धर्म. या मजकुरातला कळीचा शब्द ‘हात’ हा होता. तो वाचताच मला दुसरा एक मजकूर आठवला, तो आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

तो पंचनामा आहे, १९९६ सालचा. मराठवाड्यातल्या आमच्या गावी माझी आत्या ओढ्याच्या काठी भट्टी लावायची. नवरा गेलेला, पदरी तीन लेकरे, रोजगार हमीचे काम वर्षातून काही आठवडे. पंचनाम्यात तिचे नाव आहे, वय आहे, जात आहे. पुढे लिहिले आहे की, ‘गूळमिश्रित रसायन, उग्र वासाचे’ मिळून आले, ते ‘जागीच नष्ट करण्यात आले’. आणि त्या कागदातही ‘हात’ आहेच. ‘हातभट्टीची दारू’ असे शब्द आहेत.

एका भिंतीवर हात हा गुणवत्तेचा शिक्का आहे. दुसऱ्या कागदावर तोच हात गुन्ह्याचा पुरावा आहे. मग हातात फरक कोणता? फरक हाताच्या मालकाचा आहे. प्रस्थापितांच्या सौंदर्यशास्त्राचे हे जुनेच तंत्र आहे. आपल्या वस्तीत असते तोवर ते गलिच्छ असते. काचेपलीकडे गेले की ती कला होते.

कोणी म्हणेल, हा केवळ शब्दांचा खेळ झाला, कायदा सर्वांना सारखा. म्हणून कायद्याचा इतिहास पाहू. इंग्रज सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडीमाडी आणि मोहाच्या दारूवरची पकड घट्ट केली. १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. ज्या फुलांवर आदिवासी टंचाईचे दिवस काढत, त्या फुलांनाच गुन्ह्यात ओढले. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नाव बदलून तो महाराष्ट्रात आजही लागू आहे. या राज्यात कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. पण परवान्यासाठी तारांकित हॉटेलात कोणी धाड घातल्याचे मी ऐकलेले नाही. धाडी आमच्या ओढ्याकाठी पडतात, भटक्या-विमुक्तांच्या पालांवर पडतात. त्या लोकांना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण फौजदाराच्या डोळ्यांतून अजून गेलेला नाही.

याच राज्यात साखर कारखान्याच्या मळीपासून देशी दारू होते. तिचा परवाना आहे, तिच्यावर कर आहे, तिचे कारखानदार सभागृहात बसतात. याच राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाईनला उत्तेजन दिले. म्हणजे बागाईतदाराचे द्राक्ष आंबले तर तो उद्योग, कारखान्याची मळी आंबली तर तो महसूल, आणि आत्याचा काळा गूळ आंबला तर ते ‘रसायन’. गोव्यात तर हे अधिकच ठळक दिसते. तेथे काजूची बोंडे तुडवून, भाटी लावून केलेल्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली राज्याने तिला वारशाचा दर्जा दिला. पत्रादेवीची सीमा ओलांडून बांद्याला आले की हाताने गाळलेली दारू पुन्हा मुद्देमाल होते.

पण मी हातभट्टीची आरती ओवाळायला बसलेलो नाही. तसे करणे ही आपल्याच माणसांशी बेइमानी होईल. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. दारूत मिथेनॉल होते आणि मरणारे बहुतेक हातावर पोट असलेले होते. काचेपलीकडच्या बिअरने असे कोणी मरत नाही, कारण तिथे तपासणी आहे, थर्मामीटर आहे, परवाना आहे. गरिबाच्या दारूत विष येते, कारण तिला लपून राहावे लागते. शिवाय गावोगाव ‘आडवी बाटली’साठी मतदानाला उभ्या राहिलेल्या बाया आपल्याच होत्या. माझ्या आईने वडिलांचा मार खाल्ला आहे. आत्याच्या भट्टीची दारू माझ्याच वडिलांनी प्यायली आहे. हे लपवून मला कोणताही सिद्धांत मांडायचा नाही.

येथे बाबासाहेबांची भूमिका नीट वाचली पाहिजे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला विरोध आहे. महसूल बुडतो आणि दारू घराघरात शिरते, असा त्यातला युक्तिवाद. पाच वर्षांनी त्याच बाबासाहेबांनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. काहींना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. दंडुक्याने लादलेली बंदी माणसाला गुन्हेगार करते, स्वतःहून घेतलेली प्रतिज्ञा त्याला माणूस करते. पहिलीत सत्ता फौजदाराची, दुसरीत स्वतःची.

आता त्या संध्याकाळची उरलेली गोष्ट. एका टाकीशी रबरी बूट घातलेला एक पोरगा फावड्याने उकडलेला सातूचा चोथा उपसत होता. बाहेर पडताना तो मागच्या दाराशी भेटला. मी विचारले, याचे काय करता? म्हणाला, गुरांना जातो. झारखंडचा होता. दिवसभर काय करतोस विचारले तर हसून म्हणाला, धुतो. टाक्या, नळ्या, पिंपे, फरशी, सगळे धुतो. जरा अस्वच्छता राहिली की सगळी बिअर आंबट होते. मग आपणहून म्हणाला की त्याची आई भातापासून हांडिया करते, मुळ्या-पाल्याच्या ‘रानू’ गोळ्या घालून. भांड्याच्या वासावरून तयार झाली की नाही हे तिला कळते. त्यालाही कळते. इथे मात्र त्याला कोणी विचारत नाही.

माझी आत्याही मडक्याला कान लावून ‘रसायन बोलतंय’ की थांबलंय ते सांगायची. विस्तवावर चार थेंब टाकून ज्वाळेवरून कस ओळखायची. तिने प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण हे निरीक्षण होते, ज्ञान होते.

बव्हेरियाच्या त्या जुन्या कायद्यात यीस्टचे नाव नाही. त्याचे कार्य तेव्हा कोणाला उमगले नव्हते. पण भिंतीवर त्या पोराचे नाव नाही, याला अज्ञान म्हणता येणार नाही. बिअर टिकते ती स्वच्छतेवर, आणि स्वच्छता करणारा हात हा या देशात कधीच ‘कारागिराचा हात’ मानला गेलेला नाही. हस्तनिर्मितीच्या गौरवातही हातांची उतरंड आहे. वर चव घेणारा, खाली चोथा उपसणारा. ही जातिव्यवस्थेची उतरंड काचेच्या टाक्यांतही जशीच्या तशी उभी आहे.

आणि आपले साहित्य? ‘बलुतं’ १९७८ साली आले, तेव्हापासून दलित आत्मकथनांनी दारूने उद्ध्वस्त झालेली घरे निर्भयपणे मांडली. ते ऋण मोठे आहे. पण माझ्या वाचनात आलेल्या लेखनात दारू पिणारा पुरुष वारंवार भेटतो आणि मार खाणारी बाईही भेटते. दारू गाळणारी बाई भेटलीच तर ओझरती, लाजेखाली झाकलेली. ती कष्टकरी होती, जाणती होती, गुन्हेगार ठरवली गेली होती आणि आपल्याच वस्तीच्या नाशात तिचा हातही होता. हे सगळे एकाच वेळी खरे आहे, आणि ते एकत्र पेलणारी कलाकृती आपल्याला अजून हवी आहे. मीही इतकी वर्षे आत्याचा उल्लेख ‘शेतमजूर’ असाच करत आलो. महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षात ‘भट्टी’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नसे. ती लाज माझी नव्हती, पंचनाम्याने मला दिली होती, हे कळायला काचेची भिंत पाहावी लागली.

पुढच्या सत्रात मी विद्यार्थ्यांपुढे दोन मजकूर ठेवणार आहे. एक त्या भिंतीवरचा, वहीत उतरवून आणलेला, आणि दुसरा आत्याचा पंचनामा. नाव झाकणार नाही. तिला विचारले आहे. ती म्हणाली, “झाकू नको. नुसतं इतकं सांग, की पोरं शिकली त्याच्यावर.” तिची तिन्ही लेकरे शिकली. त्यांतले एकही दारूला शिवत नाही.