उपमा कोठे संपते?

खगोलशास्त्रातील मोठ्या कल्पना सामान्य वाचकाला समजावून सांगणाऱ्या लेखनाची पारख आपण बहुधा माहितीच्या निकषावर करतो. माहिती बिनचूक आहे, भाषा सोपी आहे, एवढे पाहून समाधान मानतो. परंतु असे लेखन उभे असते ते उपमेवर. जे डोळ्यांना दिसत नाही आणि हातांनी मोजता येत नाही, ते उपमेवाचून सांगायचे कसे? म्हणून उपमेची परीक्षा हाच या समीक्षेचा गाभा असायला हवा. प्रसरणशील विश्वाला लाभलेल्या उपमा या दृष्टीने तपासण्याजोग्या आहेत.

या कल्पनेच्या उगमाशी एक कॅथलिक धर्मगुरू आहेत. बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली आइन्स्टाइन यांच्या समीकरणांच्या आधारे दाखवून दिले की, दीर्घिका अवकाशातून धावत नसून अवकाशच ताणले जात आहे. त्यामुळे जी दीर्घिका जितकी दूर, तितकी ती अधिक वेगाने दुरावते. फ्रेंच भाषेतील तो निबंध फारसा वाचला गेला नाही. १९२९ साली हबल यांनी निरीक्षणांतून हाच संबंध मांडला आणि नियमाला त्यांचे नाव मिळाले. त्याला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१८ साली केली.

लमेत्र ज्यांच्यापाशी केंब्रिजला शिकले, त्या एडिंग्टन यांनी ही कल्पना रबरी फुग्याच्या उपमेने लोकप्रिय केली. फुगा फुगू लागला की त्यावरील ठिपके एकमेकांपासून दुरावतात आणि त्यांपैकी कोणताच ठिपका मध्यवर्ती नसतो. उपमा सुरेख आहे. पण फुग्याच्या आत पोकळी असते, बाहेर हवा असते. मग विश्वाच्या बाहेर काय, हा प्रश्न उपमेनेच वाचकाच्या मनात पेरला जातो. शिवाय रंगवलेले ठिपकेही फुग्याबरोबर मोठे होतात. दीर्घिका तशा फुगत नाहीत.

त्यापेक्षा आपल्या नाताळच्या केकची उपमा अधिक उपयोगी पडते. भट्टीत केक फुगून तासाभरात दुप्पट झाला, असे समजू. एका मनुक्यापासून १, २ आणि ३ सेंटिमीटरवर असलेले मनुके आता २, ४ आणि ६ सेंटिमीटरवर गेले. म्हणजे ते अनुक्रमे १, २ आणि ३ सेंटिमीटर सरकले. जो दूर होता तो अधिक सरकला. लमेत्र यांचा सिद्धान्त एवढ्या हिशेबात उमगतो. मनुके मात्र होते तेवढेच राहतात. तरीही केकला कड असते. विश्वाला अशी कड असल्याचे आपल्याला ठाऊक नाही. एक उपमा दुसरीचा दोष काढते आणि स्वतःचा नवा दोष घेऊन येते. हे वाचकाला सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे.

ते न सांगितल्याने काय होते, याचे उदाहरण एका नावातच आहे. १९३१ साली लमेत्र यांनी विश्वाचा आरंभ एका आद्य अणूतून झाल्याची कल्पना मांडली. या मताचे विरोधक फ्रेड हॉइल यांनी १९४९ साली बी.बी.सी.वरील भाषणात त्याला 'बिग बँग' म्हटले. मराठीत आपण 'महास्फोट' हा शब्द रूढ केला. स्फोट म्हटले की एक जागा आली, आवाज आला, भोवतालची रिकामी जागा आली. यांतले काहीच मूळ सिद्धान्तात नाही. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सर्वत्रच अतिशय घन आणि तप्त असलेली अवस्था तेवढी आहे. आपल्या शब्दाने वाचकाला चुकीचे चित्र दिले, हे मान्य करावे लागेल. हॉइल यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांनी या सिद्धान्ताविषयीची शंका अखेरपर्यंत सोडली नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी त्यांचे मत स्वीकारले नाही. पण हा सिद्धान्तही पुराव्याला उत्तरदायी आहे, याची जाणीव मराठी वाचकाला या मतभेदातून झाली.

आपल्या वाचकांना याहून जवळचा एक मोह आहे. महास्फोट वाचताच उत्पत्तीच्या पुस्तकातील प्रकाश आठवतो आणि प्रवचनात दोन्ही एकत्र येतात. तो मोह थोरांनाही झाला. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे बोलताना विज्ञान जणू त्या आद्य प्रकाशाचीच साक्ष देत असल्याचे सुचवले. त्याच अकादमीचे सदस्य असलेल्या लमेत्र यांना ते रुचले नाही. पुढच्या वर्षी पोप महाशय रोम येथे जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलले, तेव्हा त्यांनी तो दावा पुन्हा केला नाही. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, ही भूमिका लमेत्र यांनी १९५८ साली ब्रुसेल्स येथील सॉल्व्हे परिषदेतही मांडली.

श्रद्धा उणी होती म्हणून त्यांनी असे केले नाही. मिस्सा अर्पण करणारा तो हात होता. उद्या सिद्धान्त बदलला तर त्यावर टेकवलेल्या श्रद्धेचे काय, हे ते जाणत होते. विश्वोत्पत्तीवरील पुस्तक हाती घेताना, किंवा त्यावरील प्रवचन ऐकताना, आपणही एकच प्रश्न विचारावा: येथे उपमा कोठे संपते, ते सांगितले आहे काय? ज्या लेखकाने ते सांगितले, त्याने वाचकाला प्रौढ मानले.