भिंतीचा मालक

मीरा नायर यांच्या 'सलाम बॉम्बे' (१९८८) या चित्रपटाची चर्चा बहुधा कान महोत्सवातील सन्मानापाशी सुरू होते आणि रस्त्यावरच्या मुलांच्या सहज अभिनयापाशी थांबते. आम्हांस त्यातील सुधारगृहाचा भाग अधिक मोलाचा वाटतो. लग्नाच्या पंगतीत राबून परतणाऱ्या कृष्णाला व लहानग्या मंजूला पोलीस उचलतात. मंजूची आई रेखा मुलीला मागायला जाते. वेश्येच्या हाती मूल देता येणार नाही, असे ऐकून रिकाम्या हाती फिरते. कृष्णा तेथून पळतो, आणि त्यानंतर त्याच्या हातून खून घडतो.

हा क्रम दिग्दर्शिकेने जाणतेपणाने योजला आहे. तरीही पलायन प्रेक्षकाला सुटकेसारखे सुखावते, आणि आमच्या मते चित्रपट नेमका येथे उणा पडतो. शासन म्हणजे एक भिंत आणि टेबलामागचा एक अधिकारी, एवढेच दिसते. भिंतीचा मालक कोण, हे कळत नाही.

त्याचे उत्तर एका रूक्ष निकालपत्रात आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मानखुर्दच्या निरीक्षणगृहातील मुलांच्या हालांविषयी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले व डिसेंबर १९८६ मध्ये निकाल लागला. निरीक्षणगृह चालविणारी चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही १९२७ सालची नोंदणीकृत संस्था. पण अध्यक्ष पदसिद्ध मुख्यमंत्री, आणि अनुदान शासनाचे. न्यायालयाने तिला 'राज्य' मानले. 'ती संस्था वेगळी, आम्ही वेगळे' ही सरकारी पळवाट तेथे बुजली. कागदावर तरी.

मुंबई आम्हां कोहमाऱ्याच्या लोकांना दूर. पण आमच्या चौकातला महामार्ग घर सोडणाऱ्या पोराला कुठेही नेऊ शकतो. पोर जिल्ह्यातच पकडले गेले, तरी बापाला बाल न्याय मंडळापुढील तारखेसाठी गोंदिया गाठावे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. असल्या बापाला चित्रपटात जागा नाही, निकालपत्रातही नाही.

२०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट उघडली. त्यासाठी मंडळ मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता तपासते, परिणामांची जाण तपासते, गुन्ह्याची परिस्थितीही पाहते. हाच मुलगा पूर्वी शासनाच्या ताब्यात राहून गेला असेल, तर त्या काळात शासनाने त्याचे काय केले, हा प्रश्न त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. कृष्णाच्या बाबतीत आम्ही तोच प्रथम विचारला असता.