‘आहे’ आणि ‘असावा’ : गुदाशयाच्या कर्करोगाच्या प्रतिमा-अहवालाची भाषा

गुदाशयाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी रोगाची पायरी ठरविण्यासाठी एमआरआय करतात. ही तपासणी ‘अचूक’ असल्याचे सरसकट सांगितले जाते. वस्तुतः तिची अचूकता विचारलेल्या प्रश्नागणिक बदलते. हा भेद अहवालाच्या भाषेत उतरत नाही, हा त्या भाषेचा मुख्य दोष होय.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मर्क्युरी’ या युरोपीय अभ्यासात ४०८ रुग्ण होते. त्यांपैकी ३५४ जणांत, काढलेल्या भागाची कड रोगमुक्त निघाली. आणि त्यांतील ३२७ जणांविषयी, म्हणजे ९२ टक्क्यांविषयी, एमआरआयने तसे आधीच सांगितले होते. गाठ आतड्याच्या भिंतीबाहेर किती पसरली आहे, याचे मापही प्रत्यक्ष विकृतिपरीक्षेशी सरासरीने अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळल्याचे त्याच गटाने २००७ मध्ये दाखविले.

लसिकाग्रंथींची गोष्ट निराळी. २००४ सालच्या एका संकलित परीक्षणात ग्रंथींतील रोगाबाबत एमआरआयची संवेदनशीलता ६६ टक्के व विशिष्टता ७६ टक्के आढळली. म्हणजे ग्रंथींत रोग असलेल्या शंभरांतील चौतीस जण निसटतात, आणि रोग नसलेल्या शंभरांतील चोवीस जणांवर त्याचा शिक्का बसतो. याचे कारण असे की, लहान ग्रंथीतही रोग असू शकतो आणि केवळ दाहानेही ग्रंथी वाढते. ग्रंथीची कड व अंतर्रचना पाहणाऱ्या पुढील निकषांनी स्थिती सुधारली; संदेह मात्र संपला नाही.

अहवालात ही दोन्ही अनुमाने एकाच निश्चयी सुरात ‘टी ३, एन १’ अशी लिहिली जातात. ‘टी’ म्हणजे गाठीचा प्रसार, ‘एन’ म्हणजे ग्रंथी. कामठीहून नागपुरास तपासणीसाठी गेलेल्या रुग्णाच्या आप्तांना या चिन्हांचा अर्थ ‘ग्रंथींत रोग आहे’ असा सांगितला, तर अनुमानाला वस्तुस्थितीचे रूप येते. मराठीला येथे नवी परिभाषा घडवावी लागत नाही. ‘आहे’ने निश्चय आणि ‘असावा’ने अनुमान व्यक्त करण्याची सोय तिच्या क्रियापदांतच आहे.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. आधी किरणोपचार द्यावयाचे की थेट शस्त्रक्रिया करावयाची, हा निर्णय अशा विधानांवर अवलंबून राहू शकतो. अनावश्यक किरणोपचाराने मलविसर्जनावरील ताबा व प्रजननक्षमता यांची हानी संभवते. आवश्यक तो टळला, तर रोग त्याच जागी उलटण्याचा धोका वाढतो. कडेचे अंतर मिलिमीटरमध्ये देणारा आणि ग्रंथींविषयी ‘रोग असावा’ एवढेच म्हणणारा अहवालच खऱ्या अर्थाने अचूक म्हणता येईल.